मेव्हण्याची मूठ

ढेंग्यानं सुऱ्याचे दोन तुकडे ऐरणीवर टाकले तेव्हा लोहार नुकताच घण खाली ठेवत होता आणि लोहारीण भात्याची दोरी सोडून बाहीनं तोंड पुसत होती. भर दुपार. वारा असा पिसाळला होता की भट्टीतली राख उठून थेट समोरच्या पिठाच्या चक्कीत शिरत होती आणि चक्कीवाला तिथून शिव्या घालत होता. तुकडे खणकन वाजले तशा त्याच्या शिव्या बंद झाल्या. भांडणाचा वास त्याला पिठाच्या वासाआधी यायचा.

ढेंग्या म्हणजे मेंढरंवाला. पाय लांब, म्हणून नाव ढेंग्या. गवत पिवळं पडायला लागलं की तो मेंढरं घेऊन डोंगर चढायचा, तो पावसाचे ढग दिसल्यावरच उतरायचा. मधल्या काळात गावात त्याची सावलीही पडत नसे. आज तो आला होता. उजव्या हाताला चिंधी गुंडाळलेली, आणि ती रक्तानं वाळून खपलीसारखी कडक झालेली.

"तुझाच ना हा?" त्यानं लोहाराला विचारलं.

लोहारानं तुकड्यांकडे पाहिलं आणि मान डोलावली. नाही कसं म्हणणार? असा सुरा आसपास दुसरा कोणी करतच नव्हता. गावात त्याला मुक्कामी सुरा म्हणत. ज्याला महिनोन्‌महिने डोंगरावर मुक्काम करायचा त्याचा तो तिसरा हात. त्यानं फांद्या छाटायच्या, ओंडका फोडायचा, दोर कापायचा, खुंट्या तासायच्या, मेलेल्या मेंढराचं कातडं काढायचं, वेळ आली तर खड्डाही उकरायचा. वीतभर पातं, पाठ जाड, धार अशी की ओढ्यातल्या दगडावर घासली तरी परत यावी. गाडीच्या जुन्या स्प्रिंगपाट्याचं लोखंड तापवून ठोकून लोहार पातं काढायचा. पात्याला मागं निमुळती शेपटी ठेवायचा. ती शेपटी लाकडी मुठीच्या पोटात शिरायची. आणि ती मूठ बसवायचा मेव्हणा.

मेव्हणा म्हणजे लोहारणीचा धाकटा भाऊ, सुतार. आईबाप गेल्यावर बहिणीकडे आला तो भट्टीच्या मागच्या पडवीतच राहिला. लोहार त्याला मेव्हणा म्हणायचा, म्हणून चक्कीवाला म्हणायला लागला, म्हणून सगळं गाव म्हणायला लागलं. अख्ख्या गावाचा मेव्हणा, पण हक्काचं घर एकही नाही. माणूस कमी बोलायचा. लाकूड मात्र असं घासायचा की ओल्या हातातही मूठ सरकू नये आणि थंडीत तळव्याला बोचू नये.

"झालं काय ते सांगाल की नाही?" लोहारीण म्हणाली.

"काय सांगायचं वहिनी. वर वारं सुटलंय, कुंपणाच्या काठ्या मोडल्यात. म्हटलं दोन खुंट्या फोडून घ्याव्यात. लाकडात सुरा धरला, वरून दांडकं हाणलं. सगळेच हाणतात. पातं उसळलं आणि गेलं इथून." त्यानं अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधली जागा दाखवली. "बोट वळत नाही आता. कुंपण राहिलं तसंच. पहाटे लांडगा येऊन गेला."

"मेंढरं?"

"काही पळाली, काही राहिली. त्यांचं मी बघीन. मला हे सांगा, सुरा तुटतो कसा?" त्यानं डाव्या हातानं पात्याचा तुकडा उचलला आणि तुटलेलं तोंड उजेडाकडे केलं. "हे बघा, अर्धं पांढरं चकाकतंय आणि अर्धं काळं आहे. हे काळं काय आहे?"

मागच्या पडवीतून मेव्हणा आला होता. केसात लाकडाचा भुसा, कानावर पेन्सिल. तो वाकून बघणार तेवढ्यात लोहारानं ढेंग्याच्या हातातून तुकडा घेतला. ओढून नाही घेतला, पण घाईनं घेतला. लोहारणीला ती घाई दिसली.

"काळं म्हणजे जळकं," लोहार म्हणाला. "शेपटी मुठीत घुसवताना ह्यानं ती पुन्हा तापवली असणार. पाणी देऊन कडक केलेलं लोखंड परत तापवलं की त्याचा जीव जातो. शंभरदा सांगितलंय, भोक गिरमिटानं पाड, शेपटी तापवून लाकूड जाळू नकोस. पण ऐकेल तर मेव्हणा कसला."

सगळे मेव्हण्याकडे बघायला लागले. चक्कीवाला तर रस्ता ओलांडून आला, भुवयांवर पीठ घेऊन.

"मी तापवत नाही," मेव्हणा म्हणाला.

"मग तुटला कसा?"

"ते मला काय माहीत. पण दाजी, तापवलेली शेपटी मऊ पडते. मऊ लोखंड वाकतं. तुटत नाही."

हे त्यानं इतकं हळू म्हटलं की चक्कीवाल्यापर्यंत पोचलं नसेल. लोहारणीपर्यंत पोचलं. लोहारापर्यंतही पोचलं, कारण त्याचा आवाज एकदम चढला.

"आता तू मला लोखंड शिकवणार? रंध्यावर हात चालव तू, जीभ नको."

"बहिणीच्या दारात राहायचं आणि वर तोंड," चक्कीवाला म्हणाला. "ढेंग्या, तुझ्या हाताचं वाटोळं ह्यानं केलंय. आयतं खाऊन माणूस असाच निष्काळजी होतो."

ढेंग्या कोणाच्याच बाजूनं बोलला नाही. तो लोहाराकडे बघत राहिला. "ह्याच्या आधीचा सुरा मी बाजारातनं घेतला होता, तुझ्याकडनं नाही. त्याचा राग तर नाही ना काढलास?"

"वेडा आहेस का तू. नवा करून देतो. उद्या ये."

"उद्या येतो. तुकडे दे माझे."

"राहू देत इथं. माप लागेल."

त्या सुऱ्याचं माप लोहाराला झोपेतही आठवलं असतं. मोडका तुकडा तो कायम न बघता कोपऱ्यातल्या ढिगावर भिरकवायचा. आज मात्र त्यानं दोन्ही तुकडे फडक्यात गुंडाळले आणि स्वतःच्या बैठकीखाली सरकवले. लोहारणीनं ते पाहिलं. तिनं भात्याची दोरी धरली आणि ओढायला लागली. पण मनात एक जुना आवाज वाजला तो वाजलाच.

तो आवाज मागच्या हंगामातला होता. डोंगरावर जाणारे सगळे एकदमच दारात उभे होते, माझा आधी, माझा आधी करत. आणि त्याच दिवशी तेलाचा डबा गळून रिकामा झाला होता. पात्याला पाणी द्यायचं म्हणतात, पण पाट्याच्या लोखंडाला खरं तर तेल पाजावं लागतं. लालभडक पातं तेलात बुडवलं की ते सावकाश निवतं. पाण्यात टाकलं की दचकतं. लोहार म्हणाला, पाणी कोमट करून घे, चालतं, माझा बाप तसंच करायचा. तिनं बादली आणून ठेवली. पाती एकेक करून बुडली. चर्र, चर्र, चर्र. आणि मधेच कुठंतरी अगदी बारीक, टिक्.

"काय वाजलं हो?" तिनं विचारलं होतं.

"निखारा फुटला असेल," तो म्हणाला होता.

निखारा फुटल्याचा आवाज तिला ठाऊक नव्हता असं थोडंच आहे. जन्म भट्टीपुढं गेला होता. पण दारात माणसं खोळंबली होती, आणि नवऱ्यानं निखारा म्हटलं तर निखारा. संशय आणि खात्री यांच्यात नुसतं पुन्हा विचारण्याचं अंतर असतं. ते तिनं तेव्हा तोडलं नाही.

उन्हं कलली तशी ती चहा घेऊन भट्टीवर गेली. लोहार दाराकडे पाठ करून बसला होता आणि कानशीचा आवाज येत होता. बारीक आवाज, लहान गोष्टीवर चालवावी तशी कानस चालली होती. तिचं पाऊल वाजलं तसा आवाज थांबला आणि काहीतरी बैठकीखाली सरकलं.

"काय घासताय?"

"कुठं काय. कानस साफ करतोय."

तिनं चहा ठेवला. त्याच्या मांडीवर फडकं होतं आणि त्यावर लोखंडाचा कीस, काळपट. तो चहा प्यायला, इकडचं तिकडचं बोलला, वाऱ्याला नावं ठेवली. एरवी चहा पिताना हा माणूस मुका असायचा. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. तो हात धुवायला मागं गेला तेवढ्यात तिनं बैठकीखालचं फडकं सोडलं. पात्याचं तुटलेलं तोंड आरशासारखं पांढरंशुभ्र. मुठीतून बाहेर आलेला शेपटीचा खुंटही तसाच. काळ्याचा मागमूस नव्हता.

तिनं फडकं जसंच्या तसं गुंडाळून ठेवलं. तुटलेलं लोखंड कोण घासतो? ज्याला जोडायचं असतं तो, नाहीतर ज्याला लपवायचं असतं तो. आणि हा सुरा तर जोडण्यातला नव्हता.

पडवीत मेव्हणा पोत्यात रंधा, पटाशी, करवत भरत होता.

"हे काय चाललंय?"

"जातो ताई."

"कुठं?"

"जिथं पाण्याचा हंडा भरायला गेलं तर बायका हंडा मागं ओढत नाहीत तिथं. आत्ता विहिरीवर गेलो होतो. चक्कीवाल्यानं गावभर दळून ठेवलंय. मेव्हण्यानं ढेंग्याचा हात घालवला म्हणे, तोही दारूच्या नशेत. मी दारू कधी प्यायलो ते तुला तरी आठवतं का?"

"लोक काय, उचलली जीभ लावली टाळ्याला."

"लोकांचं सोड." त्यानं पटाशी पोत्यात टाकली आणि बहिणीकडे पाहिलं. "भाता तू ओढतेस. पातं तापतं, निवतं, सगळं तुझ्या डोळ्यांसमोर. तुला काहीच माहीत नाही, असं कसं?"

भाऊ लहानपणापासून असाच. महिनाभर बोलायचा नाही आणि बोलला की बरोबर दुखऱ्या जागी बोट.

"उद्या दुपारपर्यंत थांब," ती म्हणाली. "मग जायचं तर जा."

"उद्या काय होणार आहे?"

"ते मलाही माहीत नाही. पण थांब."

सकाळी ती चक्कीवर गेली. चक्कीवाल्याकडे एक मुक्कामी सुरा होता, त्याच हंगामातला. गडी जन्मात डोंगरावर गेला नव्हता, पण सगळे घेतात म्हणून त्यानंही घेतला होता आणि पोत्यांचे बंद कापायला खिळ्यावर टांगला होता.

"जरा सुरा द्या तुमचा. धार लावून देते."

चक्कीवाल्यानं तिच्याकडे पाहिलं, मग सुऱ्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे. "मी तर लावायला दिली नव्हती."

"शेजारधर्म म्हणून."

"इतकी वर्षं कुठं गेला होता शेजारधर्म?" तरी त्यानं सुरा काढून दिला, पण सोडला नाही. चक्की बंद केली आणि सुऱ्याच्या मागोमाग तोही रस्ता ओलांडून आला.

ढेंग्या आधीच येऊन ऐरणीजवळ उभा होता. त्याच्या हातात त्याचे तुकडे होते आणि तो ते पुन्हा पुन्हा फिरवून बघत होता.

"काळं कुठं गेलं?" तो विचारत होता.

"गंज होता. साफ केला," लोहार म्हणाला.

"काल म्हणालास जळकं. आज म्हणतोस गंज. सुरा परवा तुटला, त्याच्या पोटात गंज कधी चढला?"

लोहार भट्टीतले निखारे विनाकारण सारखे करत बसला. "तुम्हा लोकांना चांगलं करायला गेलं तरी संशय. नवा फुकट देतोय ना तुला? मूठही मी दुसऱ्या सुताराकडून बसवून आणतो."

लोहारीण पुढं झाली. भावाला हाक मारून तिनं चक्कीवाल्याचा सुरा त्याच्या हातात दिला. "ह्याची मूठ काढ."

"अहो, माझा सुरा," चक्कीवाला म्हणाला.

"नवी बसवून देते. काढ रे."

मेव्हण्यानं मूठ दगडावर आडवी धरली आणि पटाशीनं एका घावात उभी चिरली. लाकूड बाजूला पडलं. उघडी शेपटी समोर आली. जळल्याचा डाग कुठंही नव्हता, गिरमिटाचं भोक स्वच्छ दिसत होतं. पण तेवढ्यानं काय सिद्ध होणार? हा सुरा वेगळा, ढेंग्याचा वेगळा, असं लोहार म्हणालाच असता. लोहारणीला ते माहीत होतं. तिनं एक ओंडका ओढून ऐरणीपुढं ठेवला, पात्याची धार त्यात रोवली, आणि सरपणातलं एक दांडकं काढून ढेंग्याच्या डाव्या हातात दिलं.

"भाऊजी, तुम्ही डोंगरावर हाणता तसं हाणायचं. मूठ तर आता नाहीच, म्हणजे मुठीचा दोष नाही." मग ती नवऱ्याकडे वळली. "तुम्ही शेपटी धरा."

लोहार उठला. दोन पावलं आला. ओंडक्यात उभ्या सुऱ्याकडे त्यानं पाहिलं, शेपटी जिथं पात्याला मिळते त्या जागेकडे पाहिलं. मग त्यानं हात पुढं केला, पण ऐरणीवरच्या चिमट्याकडे.

"चिमट्यात धरतो."

"भाऊजींनी काय चिमट्यात धरला होता?" तिनं विचारलं.

वाऱ्यानं पत्रा वाजत होता. ढेंग्या दांडकं धरून उभा होता, उजव्या हाताची चिंधी लोंबत होती. लोहाराचा हात चिमट्यापर्यंत गेला, तिथंच थांबला आणि परत त्याच्या मांडीशी आला.

"तेल गळलं होतं," तो म्हणाला.

मग तो ऐरणीशेजारी खालीच बसला आणि त्यानं बाकीचं सांगितलं. पाण्यात बुडवली. सगळी नाही, शेवटची काही. एखादं तडकलं असेल असं वाटलं होतं, पण कुठलं ते कळलं नाही, आणि मुठी बसल्यावर दिसायचा प्रश्नच नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची. ढेंग्याच्या तुकड्यावरचं काळं बघितलं तेव्हा त्याला कळलं. आतला तडा जुना होता, तेवढा भाग आधीच काळा पडला होता. परवा तुटला तो उरलेला, पांढरा.

"मग माझं नाव का घेतलंत, दाजी?" मेव्हण्यानं विचारलं.

लोहारानं मान वर केली नाही. "तुझं नाव गेलं तर एकट्याचं जातं. माझं गेलं तर घराचं जातं."

"म्हणजे मी घरात नाही."

लोहार नखातला काळा मळ काढत बसला. तू घरातलाच आहेस, असं लोहारणीलाही चटकन म्हणता आलं नाही, आणि ते तिला नवऱ्याच्या खोटेपणापेक्षा जास्त लागलं.

ढेंग्यानं दांडकं सरपणावर ठेवलं. तो ओरडेल असं सगळ्यांना वाटलं होतं. त्यानं एवढंच विचारलं, "वर असे आणखी किती आहेत?"

"तुझ्या भावाकडं एक. पलीकडच्या मेंढरांच्या वाडग्यावर एक-दोन. कोळसेवाल्या म्हाताऱ्याकडं एक."

"म्हणजे सगळ्यांचे हात अजून जायचे आहेत."

"आणि माझ्या सुऱ्याचं काय?" चक्कीवाल्यानं विचारलं. त्याच्याकडे कोणी बघितलंही नाही.

त्या दिवसापासून भट्टी दुसऱ्या कशासाठी पेटली नाही. लोहारणीनं मालमोटारी दुरुस्त करणाऱ्याकडून जुनं तेल मागून आणलं आणि डब्याला सगळीकडून हात फिरवून तो गळत नाही ना ते बघितलं. मेव्हण्यानं पोतं सोडलं, पण एक अट घातली, आणि ती लोहाराला नाही, बहिणीला सांगितली. "मूठ मी बसवीन. पण पातं आधी मी वाजवून घेणार. आणि ही निमुळती शेपटी नको. लोखंड मुठीच्या टोकापर्यंत सरळ येऊ द्या, पात्याइतकं रुंद. दोन्ही बाजूंनी लाकडाच्या फळ्या लावू, आरपार खिळे ठोकू. कडेनं लोखंड उघडं दिसलं पाहिजे. लपवायला जागाच नको."

लोहारानं ते ऐकलं. "जड होईल सुरा," तो म्हणाला.

"होऊ दे," ती म्हणाली.

जड झाला, पण हातात घेतला की तोल बरोबर पहिल्या बोटावर यायचा. तयार पातं मेव्हणा दोऱ्याला टांगायचा आणि बायका मडकं घेताना वाजवतात तसं बोटाच्या पेरानं वाजवायचा. खणखणलं तर ठेवायचा. एक पातं खणखणलं नाही. त्यानं दोऱ्यासकट ते लोहाराच्या पुढ्यात ठेवलं. लोहारानं ते मोडून ढिगात टाकलं. दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलत होते, तेही लोहारणीच्या मार्फत, जणू तीच मधली फळी.

नवे सुरे झाले तसे ती म्हणाली, "मीपण वर येणार."

"तू कशाला? चढण आहे."

"चढणीचं मला सांगू नका."

खरं कारण तिनं सांगितलं नाही आणि त्यानं विचारलं नाही. वर जाऊन हा लोकांना काय सांगेल याचा तिला भरवसा नव्हता. निखारा म्हणणारा माणूस पुन्हा निखारा म्हणू शकतो.

त्यांना न्यायला उतरलेला ढेंग्या पुढं, मागं लोहार पाठीवर सुऱ्यांचं ओझं घेऊन, त्याच्या मागं ती. पायाखाली मुरूम घसरत होता, गवत सुकून सुयांसारखं झालं होतं आणि वारा समोरून छातीवर हात ठेवून मागं ढकलावं तसा लागत होता. पण त्यांच्या आधी एक गोष्ट डोंगर चढून गेली होती. चक्कीवाल्यानं दळलेली. लोहार जुने सुरे परत घेतोय, वर नवे देतोय, आणि काही मागत नाही.

आता तुम्हीच सांगा, असं कोणी करतं का?

ढेंग्याच्या भावानं सुरा दिला, भावाचा हात बघितला होता म्हणून. पलीकडच्या वाडग्यावरच्या माणसानं मात्र आधी तिघांनाही बाहेर उभं केलं.

"कशाला हवाय परत?"

"तडकलेला असू शकतो," लोहार म्हणाला. "पाणी चुकलं माझं. माझाच दोष." त्यानं ते स्वच्छ सांगितलं. लोहारणीनं मागं उभं राहून शब्द न् शब्द ऐकला.

"दोष स्वतःचा सांगतोस?" माणूस म्हणाला. "दुकानदार कधी सांगतो का असं? कुठंतरी पाणी मुरतंय."

"पाणी मुरलंय म्हणूनच तर आलोय."

"जुन्या सुऱ्यात काय घातलं होतंस? खाली म्हणतात ते लोखंड पुलाचं होतं, आता मिळत नाही म्हणून गोळा करतोयस."

ढेंग्यानं चिंधी सोडून हाताची जखम दाखवली तेव्हा कुठं त्यानं सुरा दिला. नवा मात्र उजेडात धरून, दातानं चावून, दगडावर आपटून घेतला. लोहारणीला गंमत वाटली आणि वाईटही वाटलं. मेव्हण्यावरचा खोटा आळ गावानं एका घोटात गिळला होता. आणि हे खरं, पदरमोड करून डोंगरावर आणलेलं, कोणाच्या घशाखाली उतरत नव्हतं.

कोळसेवाला म्हातारा सगळ्यात वर राहायचा. मातीनं लिंपलेल्या ढिगातून धूर निघत होता आणि तो त्याच्या आडोशाला बसला होता. यांना बघताच त्यानं सुरा मांडीखाली घातला.

"देणार नाही," तो म्हणाला, विचारायच्या आधीच.

"बाबा, नवा आणलाय, ह्याच्यापेक्षा चांगला."

"चांगला असता तर तू ठेवला असतास. मला का देतोस?"

"हा हातात तुटेल तुमच्या."

"दोन हिवाळे तुटला नाही. आजच तुला स्वप्न पडलं?"

लोहारीण म्हणाली, "मी भाता ओढत होते बाबा. ते खरं सांगतायत."

"नवरा-बायको दोघं आलात," म्हातारा म्हणाला. "म्हणजे माल भारीच असणार."

लोहार गुडघ्यांवर हात ठेवून त्याच्यासमोर उकिडवा बसला. मग म्हणाला, "बाबा, असं करू. सुरा मी धरतो. तुम्ही दांडकं हाणा. जोर लावून. तुटला तर नवा घ्या. नाही तुटला तर हा तुमचा आणि नवाही तुमचा."

म्हाताऱ्यानं विचार केला. यात फसवणूक कुठं आहे ते त्यानं शोधलं. सापडली नाही, म्हणून तो आणखी बिथरला, पण दोन सुरे म्हटल्यावर उठला. लोहारानं ओंडक्यात धार रोवली आणि मूठ धरली. उघड्या हातानं, फडकं न गुंडाळता. लोहारणीच्या तोंडून "थांबा" निघणार होतं. निघालं नाही.

म्हाताऱ्यानं हाणलं. लोहाराचे डोळे मिटले. पुन्हा हाणलं. ओंडका चिरला. कोळसेवाल्याच्या दंडात अजून ताकद होती, आणि त्यानं ती सगळी लावली, ओंडका दुभंगून दोन बाजूंना पडेपर्यंत. सुरा लोहाराच्या हातात होता तसा होता.

"बघ," म्हातारा म्हणाला आणि दोन्ही सुरे काढून घेतले. "मी म्हटलं नव्हतं? ह्याच्यासाठीच आला होतास."

त्याला आणखी समजवायला कोणाच्याही अंगात त्राण उरलं नव्हतं. ढेंग्या त्याच्या मेंढरांकडे वळला, जाताना नवा सुरा कमरेला डाव्या बाजूला खोचून. बोट वळत नव्हतं, आता डावा हातच शिकवायचा होता. त्यानं लोहाराला राम राम केला नाही आणि शिवीही दिली नाही.

उतरताना लोहार सारखा उजवा पंजा उघडत-मिटत होता. झिणझिण्या आल्या होत्या.

"तो सुरा चांगला होता का हो?" तिनं विचारलं.

"आज तरी तुटला नाही."

"म्हणजे चांगला."

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "चांगला असेल. नाहीतर केसाएवढा तुटायचा राहिला असेल. बाहेरून कळत नाही."

खाली गाव दिसत होतं, चक्कीचं पांढरं छप्पर, त्याच्या समोर भट्टीचा धूर. म्हणजे मेव्हण्यानं भट्टी पेटती ठेवली होती.

"पुढच्या आठवड्यात परत यावं लागेल त्याच्याकडे," ती म्हणाली.

"देणार नाही तो."

"नाही दिला तर त्याच्या पुढच्या आठवड्यात यायचं."

लोहारानं मान डोलावली. घसरड्या मुरमावर त्यानं हात मागं केला, आणि तिनं तो धरला, पण आधी पायाखालचा दगड हलत नाही ना ते बघून.